वजनाच्या ऑपरेशनसाठी भरती होताना: वॉर्डातल्या सिस्टरचं उत्तर

काटोलकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय. वय 41, उंची 157 सेंटिमीटर, वजन 112 किलो. आठ वर्षांपासून शुगर आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून हवा देणारं) लागतं. उन्हाळी सुट्टी बघून मेच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला गॅस्ट्रिक बायपास ठरलंय. त्या लिहितात, "ऑपरेशन काय असतं ते डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. पण दवाखान्यात त्या तीन-चार दिवसांत माझं नेमकं काय होणार, ते कोणीच नीट सांगत नाही. किती दुखेल? सोबत काय न्यायचं? सासूबाई थांबल्या तर चालेल का?"

ताई, मी सर्जन नाही. नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे आणि गेली चौदा वर्षं या ऑपरेशनचे पेशंट सांभाळते आहे. ऑपरेशन दीड-दोन तासांत होतं, बाकीचा सगळा वेळ तुम्ही आमच्याजवळ असता. म्हणून हे उत्तर मीच द्यावं असं वाटलं. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडून आलेल्या बायांनी पहिल्या रात्री मला हेच विचारलंय, "सिस्टर, हे आधी का नाही सांगितलं?"

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. दवाखान्यातले तीन दिवस वजन कमी करायचे नाहीत. उलट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभ्या राहिलात तर दीड-दोन किलो वाढलेलं दिसेल, कारण तेवढं सलाईन अंगात गेलेलं असतं. मी तर काट्याकडे जाऊच देत नाही. ते तीन दिवस असतात शिकायचे: घोट कसा घ्यायचा, किती चालायचं, शरीर कोणत्या खुणेनं मदत मागतं. पुढचे पंधरा दिवस तुम्ही घरी असाल, तेव्हा ना मी जवळ असेन ना डॉक्टर. हे शिकून गेलेला पेशंट परत भरती व्हायला सहसा येत नाही.

भरती होण्याआधीचे दोन आठवडे कमी कॅलरीचा, जास्त प्रोटीनचा, बहुतेक पातळ आहार देतात. हा आहार लिव्हरसाठी असतो. चरबीनं फुगलेलं लिव्हर पोटाच्या पिशवीवर पसरलेलं असतं, दुर्बिणीतून काम करताना ते बाजूला उचलून धरावं लागतं. दोन आठवड्यांत ते आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. याच काळात शुगरच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर शुगर एकदम खाली येऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी. म्हणून डाएट सुरू करायच्या दिवशीच गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर खास विचारा. ती ऑपरेशनच्या 3-4 दिवस आधी तरी बंद करावी लागते. नाही तर साखर साधारण दिसत असताना रक्तात आम्ल साचतं, आणि ग्लुकोमीटरवर ते कळत नाही. आठवड्याला एकदा घ्यायचं वजनाचं इंजेक्शन घेत असाल, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड, तर भुलीच्या डॉक्टरांना नक्की सांगा. त्यानं पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना पोट रिकामं नसणं हाच धोका असतो.

आणखी एक सांगायचं असतं, ते बाया सांगत नाहीत. खर्रा, तंबाखू, मिसरी. आपल्या नागपुरात खर्रा खाणारा पेशंट रोजचा, पण शिक्षिका, बँकेतल्या मॅडम, मोठ्या घरच्या सुना मिसरी लावतात हे कबूल करायला लाजतात. ताई, लाजू नका. निकोटिननं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पोट आणि आतड्याचा नवा जोड भरून येत नाही, आणि बायपासनंतर जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो. निदान सहा आठवडे आधी सोडावं लागतं आणि नंतरही सोडलेलंच ठेवावं लागतं. एका पेशंटनं आम्हाला "नाही" सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी उशीखाली पुडी सापडली. मी रागावले नाही, शेजारी बसले. त्यांनी रडत सांगितलं की बारा वर्षांची सवय आहे, नवऱ्यालाही माहीत नाही. हे आधी कळलं असतं तर तारीख दोन महिने पुढे ढकलली असती, एवढंच झालं असतं.

तपासण्यांत रक्त, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, बहुतेक वेळा एन्डोस्कोपी असते. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करतात. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, आणि नुसता वाहक असलेल्या माणसाला आयुष्यभर कळतही नाही. भुलीच्या वेळी अंग थंड पडणं, पाणी कमी होणं, ऑक्सिजन घटणं, या तिन्ही गोष्टी सिकलसेलवाल्याला जड जातात. आधी माहीत असलं की गरम पांघरूण, सलाईन, ऑक्सिजन याची तयारी ठेवता येते.

पैशाचं थोडक्यात. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2019 च्या नियमावलीतल्या मजकुराप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40 किंवा जास्त असेल, किंवा 35 किंवा जास्त असून सोबत आटोक्यात नसलेली शुगर, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार यांपैकी काही असेल, तर हे ऑपरेशन विम्यातून वगळता येत नाही. वय 18 पूर्ण असावं, डॉक्टरांचा सल्ला असावा आणि आधी साधे उपाय करून झालेले असावेत. तुमचा बीएमआय 45 च्या वर जातो. तरी पॉलिसीतला वेटिंग पिरियड तपासा, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आणि शुगरचे जुने कागद फाइलला लावा, आणि कॅशलेसची मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय तारखेचा हट्ट धरू नका. रूमच्या भाड्याची मर्यादाही बघून घ्या. मर्यादेपेक्षा वरची रूम घेतली की बऱ्याच पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात.

बॅगेत काय भरायचं? सीपॅप मशीन आणि तुमचाच मास्क, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून. समोरून उघडणारे सैल गाऊन दोन-तीन. वाकावं न लागणारी चप्पल. ओठांना लावायला व्हॅसलिन, कारण तोंड कोरडं पडतं. चार्जरची लांब वायर. पाळी मागेपुढे होऊ शकते, तेव्हा पॅड ठेवा. नेलपॉलिश घरीच काढा, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यामुळे नीट वाचत नाही. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्रही घरीच काढून ठेवलं तर बरं. ओटीच्या दारात घट्ट बसलेली हिरवी बांगडी साबण लावून काढताना मी कितीतरी बायांचे हात धरलेत. मन आधीच घाबरलेलं असतं, त्यात हे नको. मंगळसूत्र घरी काढवत नसेल तर आम्ही रुमालात बांधून, सही घेऊन, तुमच्या माणसाच्या हातात देतो.

दवाखाना ठरवताना एक गोष्ट बघून या: पलंग, स्ट्रेचर, व्हीलचेअर, कमोड तुमच्या वजनाला चालणारं आहे का, आणि बीपीचा पट्टा मोठ्या दंडाचा आहे का. लहान पट्टा ओढूनताणून बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं आणि विनाकारण गोळी वाढते. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी आहे, पण ज्या वॉर्डात असे पेशंट रोज असतात तिथे तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नाही.

भरती आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी. जेवण साधारण आठ तास आधी बंद, साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमचे भुलीचे डॉक्टर सांगतील तेच खरं. पोटाच्या कातडीत रक्त पातळ ठेवायचं छोटं इंजेक्शन मिळतं, पायात घट्ट मोजे चढवतात, ओटीत पोटऱ्यांना पट्टे बांधतात, ते हवेनं फुगतात आणि सुटतात. हे सगळं पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण फार कमी, साधारण हजारात एक, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनएवढंच. पण जे काही वाईट होतं त्यात गुठळी हे मोठं कारण आहे. म्हणून आम्ही चालण्यासाठी मागे लागतो, त्याचा राग धरू नका.

शुद्ध येते तेव्हा आधी आवाज येतो, मग उजेड. कोणीतरी तुमचं नाव घेऊन डोळे उघडायला सांगत असतं. अंग थरथरतं, घसा खवखवतो (श्वासाची नळी टाकलेली असते), तोंड अगदी कोरडं. पोटावर चार-पाच छोट्या पट्ट्या, कधी एका बाजूला ड्रेनची बारीक नळी. तुम्हाला झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, म्हणून पहिली रात्र आयसीयूत किंवा मॉनिटरजवळ ठेवतील आणि सीपॅप लावतील. आयसीयू ऐकून घरच्यांनी घाबरू नये, हे आधीच सांगून ठेवा.

दुखण्याचं खरं सांगते. टाके फारसे दुखत नाहीत. दुखतो तो खांदा. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, थोडा वायू आत राहतो, छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात निघते. पेशंट म्हणतात, "सिस्टर, ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, काही चुकलं तर नाही ना?" चुकलेलं नसतं. चाललं की एक-दोन दिवसांत उतरतं. दुसरा त्रास मळमळीचा, पहिल्या रात्री बऱ्याच जणींना होतो. औषध मागा. दाबून सहन करण्यात काही शौर्य नाही, उलटीच्या जोरानं पोटावर ताण येतो.

ऑपरेशननंतर चार-सहा तासांत आम्ही तुम्हाला उभं करतो. पहिल्यांदा फक्त पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, मग दोन पावलं खुर्चीपर्यंत. रात्रीपर्यंत कॉरिडॉरची एक फेरी. तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर देतील, तो फुंकायचा नसतो, आत ओढायचा असतो. नव्वद टक्के लोक आधी फुंकतातच. भरती व्हायच्या आधी आठवडाभर घरी सराव करून आलात तर पहिल्या दिवशी दुखत्या पोटानं नवं शिकावं लागणार नाही.

आता घोट. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जी छोटी पिशवी करतात ती साधारण 30 मिलीची असते. औषध मोजायची जी छोटी प्लास्टिकची कपी असते ना, तेवढीच. मी प्रत्येक पेशंटच्या हातात ती कपी देते आणि म्हणते, हे बघा तुमचं नवं पोट. एक कपी पाणी, तेही एकदम ओतायचं नाही. जिभेवर घ्यायचं, थांबायचं, मग गिळायचं. सर्जननं परवानगी दिली की, बहुधा दुसऱ्या दिवशी (काही ठिकाणी निळं औषध किंवा एक्स-रेवर दिसणारं औषध पाजून जोड गळत नाही ना ते आधी बघतात), दर पंधरा मिनिटांनी एक कपी. तासाला 120 मिली, बारा तासांत जवळजवळ दीड लिटर. पहिल्या दिवशी एवढं होत नाही, सलाईन चालूच असतं. पण सुट्टी होईपर्यंत ही लय हाताला बसली पाहिजे. छातीच्या मधोमध दाटल्यासारखं वाटलं, तोंडाला पाणी सुटलं, शिंक किंवा उचकी आली की थांबायचं. पोट भरल्याची ही नवी खूण आहे, प्रत्येकीची थोडी वेगळी असते.

सासूबाई थांबल्या तर चालेल का? ताई, त्या घास घेऊन मागे लागणाऱ्या नसतील तर खुशाल चालेल. एका मुलीची आई दोन दिवस माझ्यामागे फिरत होती, "दोन दिसापासून उपाशी हाय माही पोरगी, थोडं वरणाचं पाणी तरी देऊ द्या ना मॅडम." त्या माऊलीचा जीव तुटत होता, मला कळत होतं. मी तिच्याच हातात कपी आणि घड्याळ दिलं, म्हटलं, आता पंधरा मिनिटांनी पाणी तुम्ही पाजायचं. त्या दिवसापासून तिच्याइतकं काटेकोर कोणी नव्हतं. सासूबाईंनाही असंच काम द्या. रिकाम्या हातांनाच डबा आठवतो.

शुगर दर चार-सहा तासांनी बघतात. बायपासनंतर वजन उतरायच्या आधीच शुगर खाली यायला लागते, तीन दिवसांत बऱ्याच जणांचं इन्सुलिन निम्म्यावर येतं किंवा थांबतं. सुट्टीच्या कागदावर शुगर आणि बीपीच्या गोळ्यांची नवी यादी असते. घरी जाऊन जुन्या डब्यातून जुन्या सवयीनं गोळ्या घेऊ नका. तो डबा कोणाला तरी आवरून ठेवायला सांगा.

तिसऱ्या दिवसाबद्दल कोणीच बोलत नाही. दुखणं कमी झालेलं असतं, पाहुणे गेलेले असतात, समोरच्या पेशंटच्या ताटातल्या फोडणीचा वास येतो आणि रडू फुटतं. "मी हे का करून घेतलं?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पेशंटला आधीच सांगते. भुलीचा उतार, उपास, झोपमोड, आणि आयुष्यभराचा जेवणाचा आधार सुटल्याची जाणीव, सगळं एकाच दिवशी येतं. काही बायांना नातेवाइकांचे टोमणेही आठवतात, "थोडं चालली असती तर ऑपरेशन कशाला लागलं असतं?" ताई, लठ्ठपणा हा आजार आहे, आळस नाही, आणि त्यावर इलाज करून घेणं हा काही सोपा रस्ता नाही. रडू आलं तर रडा. सिस्टरला हाक मारा. एक-दोन दिवसांत ते ओसरतं.

सुट्टी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. काटोल साठेक किलोमीटर आहे, तरी माझं मत असं की पहिला आठवडा नागपुरातच कोणा नातेवाइकाकडे काढा. जोड गळण्याचं प्रमाण शेकड्यात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण ते बरेचदा सुट्टीनंतरच कळतं. पहिली खूण बरेचदा पोटदुखी नसते, वाढलेली नाडी असते. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात पडलं असेल तर बाहेर काढा आणि सकाळ-संध्याकाळ शांत बसून नाडी लिहून ठेवा. बसल्या जागी 120 च्या वर राहिली, ताप आला, धाप लागली, पोट वाढत्या प्रमाणात दुखू लागलं किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर सकाळची वाट बघू नका.

आणि तुमची तारीख मेची आहे. नागपूरचा पारा तेव्हा 45 च्या पुढे जातो. अशा उन्हात धडधाकट माणूस कोरडा पडतो, तुमच्याकडे तर एका वेळी एक कपीच जागा आहे. पेशंट परत भरती होतात ते सर्वांत जास्त याच कारणानं: पाणी कमी पडणं. घरी कूलर हवा, दुपारी बाहेर पडायचं नाही, लघवी गडद पिवळी झाली की समजायचं घोट कमी पडले. गाळलेलं पातळ ताक, नारळपाणी, डाळीचं गाळलेलं पाणी चालतं, आहारतज्ज्ञ देतील त्या क्रमानं. उसाचा रस आणि गुळाचं पन्हं नको. बायपासनंतर साखर थेट आतड्यात उतरते आणि धडधड, घाम, चक्कर, जुलाब सुरू होतात. सोडाही नको. पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मऊ घोटलेलं, मग हळूहळू घरचं. प्रोटीन दिवसाला निदान 60 ग्रॅम. वऱ्हाडी तर्री आणि सावजी रस्सा कधी, ते तुम्ही तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञांना विचारा, आता नाही.

गावच्या दवाखान्यात जावं लागलं तर काय सांगायचं, हे एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मी हे कळकळीनं सांगते, कारण एक पेशंट माझ्या डोळ्यासमोर आहे. सुट्टीनंतर तिला उलट्या सुरू झाल्या, आठ-दहा दिवस चालल्या. गावी रोज ग्लुकोजचं सलाईन लावलं. आमच्याकडे आणली तेव्हा तिला माणसं दोन-दोन दिसत होती, चालताना तोल जात होता. उलट्यांनी बी-1 व्हिटॅमिन, थायमिन, संपलं होतं आणि त्यावर नुसतं ग्लुकोज दिल्यानं उरलंसुरलंही खर्ची पडलं. तिला चालता यायला कित्येक आठवडे लागले. म्हणून कागदावर पहिली ओळ: उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या. दुसरी: दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, ना गोळी ना इंजेक्शन, जोडावर अल्सर होतो, पॅरासिटामॉल चालेल. तिसरी: नाकातून पोटात नळी सर्जनला विचारल्याशिवाय घालू नये. खाली ऑपरेशनचं नाव, तारीख आणि तुमच्या टीमचा नंबर.

रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन सुट्टीनंतरही काही दिवस घ्यायला सांगू शकतात. ते घरी कोण देणार हे आधी ठरवा आणि त्या माणसाला दवाखान्यातच आमच्यासमोर एकदा द्यायला लावा. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून साधारण सहा महिने एक गोळी असते. बी-12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी मात्र जन्मभर. मूल हवं असेल तर 12 ते 18 महिने थांबायचं, आणि वजन उतरलं की पाळी सुधारून दिवस राहण्याची शक्यता वाढते, तेव्हा 41 वय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठेवा. जड बादली, पाण्याचा गुंड, गॅसचं सिलिंडर महिना-दीड महिना उचलायचं नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. तेवढ्यात वर्गावर उभं राहण्याइतकी ताकद येते, फक्त टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची आणि दर तासाला चार-पाच घोट घ्यायचे.

सुट्टीच्या दिवशी बिलाच्या गडबडीत त्या 30 मिलीच्या दोन कप्या सिस्टरकडून मागून घ्या. एक स्वयंपाकघरात ठेवायला, एक पलंगाशी.